उलटलेली नौका सुलटी कशी होते?

वादळात सापडलेल्यांना वाचवायला निघालेली नौकाच उलटली तर काय? नौका बांधणारे याची दोन उत्तरे देत आले आहेत. एक, नौका सहसा उलटणारच नाही अशी बांधावी. दोन, उलटली तरी आपोआप सुलटी होईल अशी बांधावी. वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. पण हे दोन निराळे गुणधर्म आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कॅस्टर या मच्छीमार गावाच्या उदाहरणावरून आपण ते समजावून घेऊ. त्याआधी वर्गात करता येईल असा एक प्रयोग.

एका टबात पाणी घ्या. वीतभर लांब आणि चार बोटे रुंद अशा फळीच्या एका बाजूला मधोमध एक-दोन खिळे चिकटपट्टीने लावा. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला घट्ट झाकण लावून तिच्या एका कुशीला, लांबीच्या दिशेने, पाच-सहा मोठे खिळे चिकटवा. आता दोन्हींच्या कडा बोटाने हलकेच दाबा. फळी फारशी कलत नाही. बाटली मात्र लगेच गडगडते. मग दोन्ही, खिळे वर येतील अशा उलट्या ठेवा. फळी तशीच उलटी तरंगत राहते. बाटली गर्रकन फिरून सुलटी होते.

असे का होते? तरंगणाऱ्या वस्तूचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल, बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून वर ढकलते. फळी कलली की तिची एक कड अधिक बुडते, प्लावक बल त्या बाजूला सरकते आणि फळीला परत सरळ करते. उलट्या फळीलाही हीच रुंदी तितकाच आधार देते, म्हणून ती उलटीच राहते. बाटली गोल असल्याने तिला रुंदीचा आधार नाही. तिचे स्थैर्य खाली असलेल्या गुरुत्वमध्यावर अवलंबून आहे. तो वर गेला की जराशा धक्क्याने ती फिरते.

नौकेत हे साधायचे कसे? पुढचे व मागचे टोक उंच करून त्यांत हवेच्या बंद पेट्या बसवायच्या आणि तळाला लोखंडी कणा द्यायचा. उलटलेली नौका या दोन पेट्यांवर उचललेली राहते, गुरुत्वमध्य उंच जातो आणि नौका फिरून सुलटी होते. उत्तम जीवरक्षक नौकेसाठी नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने ठेवलेले 100 गिनींचे बक्षीस 1851 साली अशाच रचनेला मिळाले. आलेल्या 280 प्रवेशिकांतून निवडला गेलेला हा कारागीर, जेम्स बीचिंग, ग्रेट यारमथचा होता. कॅस्टर तिथून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे.

तरीही कॅस्टरच्या मच्छीमारांनी पसंत केली ती 'फळी'. त्यांना शिडाच्या जोरावर दूरच्या वाळूच्या दांड्यांपर्यंत जावे लागे. अरुंद, डुलणाऱ्या नौकेपेक्षा रुंद व जड नौका शिडावरचा वारा चांगला पेलते. हा अनुभवातून आलेला निर्णय होता.

13 नोव्हेंबर 1901 च्या रात्री 'बोशाँ' ही त्यांची नौका वादळात निघाली आणि वाऱ्याने परत किनाऱ्याकडे ढकलली गेली. ती वाळूवर आदळली, पुढच्या लाटेने उलटली आणि माणसे तिच्याखाली अडकली. बारापैकी नऊ जण दगावले. किनाऱ्यावर थांबलेल्या 78 वर्षांच्या जेम्स हेलेट यांनी लाटांत शिरून माणसे बाहेर ओढली. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे मात्र गेले. आपोआप सुलटी होणारी नौका असती, तर हे टळले असते का? खात्री देता येत नाही. तो गुणधर्म नौका मोकळी तरंगत असताना चालतो; उथळ पाण्यात, वाळूवर टेकलेल्या नौकेला फिरायला जागाच नसते.

1969 साली राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेने कॅस्टरचे केंद्र बंद केले, कारण शेजारच्या केंद्रात वेगवान नौका आली होती. गावकऱ्यांनी देणग्या गोळा करून स्वतःची स्वयंसेवी सेवा उभी केली. ती आजही चालते. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नेदरलंड्समध्ये बांधलेली नौका घेतली. तिच्या बंद, जलाभेद्य केबिनमधील हवा जुन्या पेट्यांचे काम करते. इंजिन आल्यामुळे शिडाची अडचण उरली नाही, आणि ती उलटली तरी सुलटी होते. मात्र दारे घट्ट लावलेली हवीत. पाणी आत शिरले की हवेचा आधार गेला.

कोकणातल्या काही होड्यांना बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेला लाकडी ओंडका असतो. ही होडी फळीच्या गटातली की बाटलीच्या? उलटली तर काय होईल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्यावा आणि मग काड्या बांधून टबात पडताळून पाहावे.