मुका रातकिडा

रातकिड्याची किरकिर तुम्ही ऐकली असेलच. ती करतो तो फक्त नर, आणि तीही तोंडाने नव्हे, पंखांनी. एका पंखाच्या खालच्या बाजूस करवतीसारखी दातेरी शीर असते. दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली की पंखाचा पातळ पडदा कंप पावतो. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवून पाहा, म्हणजे युक्ती ध्यानात येईल. पॅसिफिक बेटांवरील टेलिओग्रिलस ओशिॲनिकस या जातीत ही कंपने सेकंदाला सुमारे ५,००० असतात. या आवाजावरून मादीला अंधारात नराचा ठावठिकाणा कळतो.

हवाई बेटांवर मात्र हा आवाज आणखी कोणीतरी ऐकत असते. ती म्हणजे ऑर्मिया ओक्रेशिया, मूळची उत्तर अमेरिकेतील माशी. आवाजाच्या रोखाने येऊन ती नरावर बारीक अळ्या सोडते. अळ्या त्याच्या शरीरात शिरून त्याला आतून खातात व सुमारे आठवड्याने बाहेर पडतात. रातकिडा मरतो.

माशीला दिशा कशी कळते? आपल्या दोन कानांतील अंतर सुमारे २० सेंमी आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. म्हणजे बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक आधी पोहोचतो. माशीच्या कानांच्या पडद्यांत अंतर अवघे अर्धा मिलिमीटर! गणित करून पाहा. फरक येतो दीड मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दीड. पण हे पडदे एका ताठ पट्टीने जोडलेले असतात. ती सीसॉच्या फळीसारखी हलते आणि दोन्ही पडद्यांच्या हालचालींतील फरक सुमारे ५० मायक्रोसेकंदांपर्यंत वाढतो. कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा असे हे उपकरण!

नरापुढचा पेच उघड आहे. गावे तर माशी येते, गप्प बसावे तर मादी येत नाही.

काउआई बेटावर २००३ मध्ये मार्लिन झुक यांना बहुतेक नर मुकेच आढळले. एका उत्परिवर्तनामुळे त्यांचे पंख मादीसारखे सपाट झाले होते. रातकिड्यांनी विचार करून हा बदल घडवला, असे समजू नका. योगायोगाने मुके जन्मलेले वाचले, गाणारे माशीने टिपले आणि वीसहून कमी पिढ्यांत बेट शांत झाले. पुढे ओआहू बेटावरही मुके नर दिसू लागले. तेथील जनुकीय बदल मात्र वेगळा होता.

मग या मुक्यांना मादी भेटते कशी? उरलेल्या मोजक्या गायकांजवळ ते दबा धरून बसतात आणि आवाजाकडे निघालेल्या मादीला वाटेतच गाठतात. धोका गायकाचा, लाभ मुक्याचा! पण ही सोय गाणारे कोणी उरले असतील तोवरच.

गंमत म्हणजे मुका नर अजूनही गाण्याच्या पद्धतीने पंख हलवतो. त्यात शक्ती खर्च होते, आवाज मात्र निघत नाही.