गलांड्याची मुळं आणि इचलकरंजीचं रंगपाणी

कापड रंगवताना सगळा रंग धाग्याला बसत नाही. उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात हे रंगपाणी रोजचंच. त्यातले बरेचसे रंग अॅझो जातीचे. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध हा त्यांचा कणा. ऊन, साबण, घाम कशालाच दाद न देणारे हे रंग झेंडूच्या मुळांपुढे मात्र हार मानतात!

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं तपासून पाहिलं. 2018 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग तर थेट जमिनीवरचा. सुमारे 91 मीटर लांब, मीटरभर रुंद वरंबे घातले. त्यांवर झेंडू, अॅस्टर, ऑफिस टाइम आणि गलांडा लावला आणि कापड कारखान्याचं सांडपाणी सोडलं. कोणतंही दुर्मीळ झाड नाही, सगळी परसातली. 30 दिवसांनी रिकाम्या वरंब्यांशी तुलना केली, तर मातीत साचणारा रंग ऑफिस टाइमनं 46 टक्के, अॅस्टरनं 50, झेंडूनं 59 आणि गलांड्यानं तब्बल 73 टक्के कमी केला होता.

हे घडतं कसं? खोड टणक व्हायला झाडाला लिग्निन लागतं. ते घडवणारी लॅकेज, पेरॉक्सिडेज ही विकरं झाडात असतातच. रंगाचा रेणू मुळांत शिरला की तीच विकरं त्याचे तुकडे पाडतात. जे लाकूड घडवतं तेच विष मोडतं, याचं मला अजून नवल वाटतं. मुळांभोवतीचे जिवाणूही हातभार लावतात. उरलेले तुकडे घातक नाहीत ना, हे या संशोधकांनी ज्वारी आणि उडदाचं बी रुजवून पाहिलं. मूळ रंगापेक्षा तुकड्यांच्या पाण्यात बी चांगलं रुजलं.

सांडपाण्यातल्या शिसं, कॅडमियम, क्रोमियम या धातूंचे मात्र तुकडे होत नाहीत. झाड ते शोषून अंगात साठवतं. म्हणून ही झाडं उपटून त्यांची नीट विल्हेवाट लावावी लागते, जनावरांपुढे टाकता येत नाहीत. शोभेची झाडं निवडण्यातलं शहाणपण इथे दिसतं: गलांडा कोणाच्या ताटात जात नाही.

मुळं जातील तेवढ्याच खोलीपर्यंत हा उपाय चालतो, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जागा झाडं घेऊ शकत नाहीत. तरीही कारखाने आणि पंचगंगा यांच्या मधली थोडी जमीन इचलकरंजीतल्या कापड प्रक्रिया कारखान्यांच्या चालकांनी आणि महापालिकेनं अशा वरंब्यांसाठी राखून ठेवावी.