महामारीतील वृद्ध आणि गिलानुपट्ठाक

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने ग्रासलेला तो भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. आपण इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून आपली शुश्रूषा कोणी करीत नाही, असे त्याने तथागतांना सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आठव्या खंडात हा प्रसंग घेतला आहे. तो करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. परंतु आमच्या मते त्याचे मर्म त्या भिक्खूच्या उत्तरात आहे. जो उपयोगाचा उरला नाही, त्याची सेवा कोणी करावी?

२०२० च्या कोविड महामारीत आपल्या वस्त्यांतील वृद्धांविषयी हाच प्रश्न उभा राहिला. साठीपुढील लोकांनी घरातच राहावे, अशी सूचना होती. पण एका खोलीत सात माणसे राहतात तेथे म्हाताऱ्या आईला वेगळे कोठे ठेवावयाचे? श्रावणबाळ योजनेचे पैसे काढण्यासाठी तर बँकेची रांग चुकत नव्हती. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांना लस खुली झाली. तिची नोंदणी मात्र मोबाईल क्रमांकावर होती.

तथागतांनी हा प्रश्न कोणाच्या दयेवर सोडला नाही, त्यासाठी नियम केला. उपाध्याय, आचार्य वा शिष्य यांनी आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने रुग्णाची सेवा करावी. न केल्यास तो दुक्कट दोष होय. गिलानुपट्ठाक म्हणजे रुग्णसेवक. त्याला औषध सिद्ध करता यावे, पथ्यापथ्य कळावे, मलमूत्राची व वांतीची किळस नसावी, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी आणि धम्मकथेने रुग्णाला धीर द्यावा. रुग्णानेही आजार खरा सांगावा, अशी अपेक्षा आहे. महामारीत कित्येक वृद्धांनी ताप लपविला. आम्ही त्यांना दोष देणार नाही. विलगीकरणात नेल्यावर घरची माणसे पुन्हा दिसतील, याची खात्री त्यांना कोण देत होते? असा विश्वास साथ आल्यावर निर्माण होत नाही. त्यासाठी एकट्या वृद्धांची नोंद, त्यांची औषधे आणि त्यांच्याकडे नियमित जाणारा उपासक यांची व्यवस्था विहारात आधीपासून असावी लागते.

'लाभासाठी नव्हे' याचा सोयीस्कर अर्थ मात्र कोणी काढू नये. आजारी भिक्खू मरण पावल्यास त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे, कारण त्याचे उपकार मोठे असतात, असेही महावग्गात सांगितले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा सेविका घरोघरी ताप व प्राणवायू तपासत फिरल्या. जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संप करावा लागला.