दुधातला औषधाचा अंश आणि त्याच्या तपासणीचा खर्च

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, वेदगंगेकाठच्या मुरगूडमध्ये आणि भोवतालच्या गावांत दूध संस्थेचा कट्टा सकाळ-संध्याकाळ गजबजलेला असतो. किटलीतले दूध मापात जाते, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे) आकडे चिठ्ठीवर येतात आणि त्यावर दर ठरतो. म्हशीला परवा कोणते इंजेक्शन दिले होते, हे त्या चिठ्ठीवरून कळत नाही. ते सांगणारी तपासणी वेगळी असते आणि तिला पैसे लागतात. ते पैसे कोण भरते, हे पाहायला गेले तर हिशोब चार-पाच ठिकाणी विखुरलेला सापडतो. त्यातला सर्वांत जड वाटा उचलणाऱ्याच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने मात्र कुठेही पावती फाटत नाही.

अंश उतरतो कसा

कासेला दगडी झाली की डॉक्टर सडातून ट्यूब सोडतात, सोबत इंजेक्शन देतात. दगडी म्हणजे कासदाह, आणि दुभत्या जनावरांना प्रतिजैविके देण्याचे हे एक मोठे कारण. दिलेल्या औषधाचा काही भाग पुढचे काही दिवस दुधातून बाहेर पडत राहतो. दूध उकळून तो जाईल अशी अनेकांची समजूत असते, पण बहुतेक प्रतिजैविके घरच्या उकळीला दाद देत नाहीत.

किती अंश चालतो याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेनिसिलिनसाठी ती लिटरला ४ मायक्रोग्रॅम आणि टेट्रासायक्लिन गटासाठी १०० मायक्रोग्रॅम आहे. चार मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरच्या टँकरला ती मर्यादा गाठायला सगळे मिळून ४० मिलिग्रॅम पेनिसिलिन पुरते. एका गोठ्यातल्या एका जनावराचे दूध सगळ्या टँकरला भोवू शकते, ते असे.

डेअरीला याची काळजी कायद्याआधी धंद्यासाठी वाटते. प्रतिजैविक असलेल्या दुधात विरजण नीट लागत नाही, दही-चीजचा घाणा बिघडतो. म्हणून प्रक्रिया केंद्रांवर टँकर आत घेण्याआधी पट्टीची चाचणी करतात. ती काही मिनिटांत होते, पण तिचा खर्च दर लिटरमागे निघतो आणि शेवटी दुधाच्या दरात जिरतो.

सात दिवस, अठ्ठावीस दिवस

शेवटच्या डोसनंतर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचे नाही, त्या मुदतीला डॉक्टर मंडळी विथड्रॉवल पिरियड म्हणतात. औषध नियमांच्या ९७ क्रमांकाच्या नियमात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दूध, अंडी किंवा मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या लेबलावर ही मुदत छापणे बंधनकारक झाले. एखाद्या औषधासाठी अभ्यास करून मुदत ठरवलेली नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी व इतर जनावरांच्या मांसासाठी २८ दिवस धरायचे.

नियम लेबलावर आहे आणि लेबल खोक्यावर. गोठ्यात मात्र डॉक्टरांच्या बॅगेतून आलेली सुटी बाटली किंवा एखादी ट्यूब पोचते. त्यामुळे मुदत तोंडी विचारून घ्यावी लागते. विचारली तर डॉक्टर सांगतात, हा अनुभव बहुतेकांचा असेल; विचारणारे थोडे.

आणखी एक गोष्ट सर्रास चुकते. दगडी झालेल्या सडाचे दूध बाजूला काढतात आणि उरलेल्या तीन सडांचे संस्थेत घालतात. औषध रक्तातून फिरते, म्हणून चारही सडांचे दूध थांबवावे लागते.

एक पूर्ण बिल

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते. तीन दिवस उपचार आणि त्यानंतर सात दिवस मुदत धरली तर बरोबर दहा दिवस होतात. एका जनावराचे एक आख्खे बिल गेले.

म्हैस दिवसाला ८ लिटर देते आणि लिटरला ५० रुपये पडतात असे हिशोबापुरते धरू. दहा दिवसांचे ४,००० रुपये झाले. त्यात औषध आणि डॉक्टरांची फी मिळवलेली नाही, आणि वैरण, सरकी पेंड, भरडा यांचा खर्च तर चालूच असतो. बिलातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात ठरल्याप्रमाणे होते. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला हे दूध ओतून द्यायला सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे त्यात काही जात नाही. म्हणून मी या ४,००० रुपयांनाच अंश-तपासणीची खरी फी म्हणतो. ती सरकारच्या कोणत्याही दरपत्रकात दिसणार नाही.

बुरशीचा हिशोब वेगळा

देशभरातल्या दुधाची मोठी पाहणी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केली. १,१०३ गावे-शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यात ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, आणि अशा राज्यांत महाराष्ट्र वरच्या तिघांत होता. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ जास्त असलेले नमुने त्याच्या कितीतरी पट, ३६८ होते. हे विष औषधातून येत नाही. दमट जागी ठेवलेल्या मक्यावर, शेंगदाणा किंवा सरकी पेंडीवर बुरशी धरते, तिचे विष जनावराच्या पोटात जाते आणि त्याचे बदललेले रूप दुधात उतरते.

आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ०.०५. यात एक दिलासा आहे. खराब पेंड बंद केली की काही दिवसांत दूध स्वच्छ होते आणि तोवरचा खर्च वैरणीपुरता राहतो. कागल तालुक्यात पावसाळा जोराचा, त्यामुळे पोते भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नये, एवढे पाळले तरी बराच भाग टळतो.

सरकार फी घेते ती कशाची

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो अमलात आला ५ ऑगस्ट २०११ रोजी. त्याच्या कलम २१ नुसार कोणत्याही अन्नपदार्थात पशुवैद्यकीय औषधे आणि प्रतिजैविके यांचा अंश ठरल्या मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नये. पण या कायद्यात 'अंश-तपासणी फी' असे वेगळे शीर्षक नाही. सरकार घेते ती नोंदणीची आणि परवान्याची फी.

२०११ च्या नियमावलीतले दर असे: दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्याला वर्षाला १०० रुपयांची नोंदणी पुरते. ५०१ ते १०,००० लिटर असेल तर राज्याचा परवाना, ३,००० रुपये. ५०,००० लिटरपर्यंत ५,००० रुपये, आणि त्यापुढे केंद्राचा परवाना, ७,५०० रुपये. सहकारी संस्थेचा सभासद असलेला आणि सगळे दूध त्याच संस्थेत घालणारा शेतकरी नोंदणीतून मोकळा आहे. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. थोडे संस्थेत आणि थोडे घरोघर रतीब, असे असेल तर ही सूट लागू होत नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा तपासणीचा खर्च शासन करते. उलट कलम ३८ प्रमाणे नमुन्याच्या मालाची नेहमीची किंमत ज्याच्याकडून माल घेतला त्याला द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि व्यावसायिकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोवर ते दूध चहात पडून विसरले गेलेले असते, ही या सगळ्या व्यवस्थेची मोठी अडचण. नाशवंत मालाची तपासणी दारातच व्हायला हवी. कागद नंतर येऊन उपयोग थोडा.

ग्राहकाला तपासून घ्यायचे असेल तर

कलम ४० ची फारशी कुणाला माहिती नाही. कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगायचे. माल नियमाबाहेरचा निघाला तर भरलेली फी परत मिळते.

मटणाच्या दुकानात

नगरपरिषदेच्या हद्दीत कत्तलीपूर्वी आणि नंतर जनावर तपासायची पद्धत आहे, आणि त्यासाठी शुल्क आकारले जाते. ती तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी होते: जनावर आजारी आहे का, यकृतात जंत आहेत का, गाठी आहेत का. मांसावरच्या शिक्क्याने रोगाबद्दल थोडी खात्री मिळते. बकऱ्याला आठवड्यापूर्वी टोचलेल्या औषधाबद्दल तो शिक्का गप्प असतो.

परदेशी जाणाऱ्या मालाचे वेगळे खाते

निर्यात मालाच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आणि तपासणीचा केंद्रीय कायदा १९६३ सालचा. त्या कायद्याखाली निर्यात तपासणी परिषद काम करते. दूध, अंडी आणि मध यांच्यासाठी ती दरवर्षी अंश-देखरेखीचा आराखडा बनवते: कोणते नमुने घ्यायचे, त्यांत कशाकशाचा शोध घ्यायचा. इथे फी उघड असते. कारखान्याला मान्यतेसाठी भरावी लागते आणि देखरेखीची फी निर्यात मालाच्या किमतीच्या टक्केवारीने आकारली जाते.

कोळंबीत हे आणखी पुढे गेले आहे. तिथे अंश-नियंत्रण आराखडा सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण चालवते, आणि युरोपला जाणाऱ्या शेततळ्यातल्या कोळंबीचा नमुना तळे उपसण्याआधी तपासला जातो. एवढे करूनही २०१६ मध्ये युरोपने भारतीय कोळंबीच्या खेपांतल्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. तरीही तळ्याची पद्धत दुधापेक्षा न्याय्य म्हणावी लागेल. दोष सापडला तर तो कुठल्या तळ्यातला हे कळते. संस्थेच्या कॅनमध्ये शंभर घरांचे दूध एकत्र होते आणि चूक कुणाची हे शोधायला मागे मागे जावे लागते.

युरोपातली पावती

ब्रिटनने अंश-देखरेखीच्या शुल्कासाठी २००६ मध्ये स्वतंत्र नियमच केले. शुल्क कत्तलखाने, डेअऱ्या, अंडी भरणारे आणि मत्स्यशेती करणारे यांच्याकडून, मालाच्या प्रमाणात घ्यायचे, असा त्यांचा ढाचा. युरोपीय संघाच्या २०१७ च्या अधिकृत तपासणी नियमनात दुधासाठी पहिल्या ३० टनांना १ युरो आणि पुढे टनाला अर्धा युरो असा दर दिलेला आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे लिटरला जेमतेम पाच पैसे होतात. फी अशी सगळ्या दुधावर पसरली की कुणा एकाच्या बिलावर बसत नाही.

पाच पैशांत तपासणीचे शुल्क भागेल. दूध ओतणाऱ्याची भरपाई भागणार नाही. दिवसाला हजार लिटर संकलन असलेल्या संस्थेने लिटरला २५ पैसे कपात केली तर वर्षाला ९१,२५० रुपये जमतील. जनावरामागे ४,००० रुपये दिले तर २२ जनावरांचे दहा दिवसांचे दूध त्यातून भरून निघेल. डॉक्टरांची उपचाराची चिठ्ठी आणि सचिवाच्या वहीतली 'दूध बंद'ची तारीख एवढ्या दोन कागदांवर ही रक्कम देता येईल. असा ठराव सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत होऊ शकतो. ती सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, आणि विषय पत्रिकेवर आणायचा तर सभासदाने तो त्याआधी सचिवाकडे लेखी द्यावा.