बंगळुरूची मेंदूपेढी

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर, निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या आवारात, उणे ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरांमध्ये माणसांचे मेंदू जपून ठेवले आहेत. न्यूरोपॅथॉलॉजीचे डॉ. एस. के. शंकर यांनी १९९५ मध्ये ही पेढी उभी केली. संशोधकांना इथून ऊतींचे नमुने मिळतात.

हे नमुने का लागतात? एखाद्याच्या आईला अल्झायमर आहे, असं डॉक्टर सांगतात ते लक्षणं, चाचण्या आणि स्कॅन पाहून. निदान बहुतेकदा बरोबर असतं, पण मेंदूत नेमकं काय आणि किती बिघडलं होतं, ते मृत्यूनंतर ऊती तपासल्यावरच पूर्ण कळतं. १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा पेशींमधला गुंता पहिल्यांदा दिसला. आज त्याच गुंत्यात टाऊ प्रथिन शोधतात. पुष्कळ वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरच्या जोडीला रक्तवाहिन्यांचे विकारही सापडतात. औषध नेमकं कशावर शोधायचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

मृत्यूनंतर घड्याळ महत्त्वाचं, कारण ऊती लवकर बिघडतात. मेंदूपेढ्यांत साधारणपणे मेंदू वजन करून दोन भागांत विभागतात. एक भाग काही आठवडे फॉर्मालिनमध्ये मुरतो, दुसऱ्याचे काप गोठवतात. एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंची तपासणीही होते. कापांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, पाहावा. निरोगी मेंदूत तो भरीव दिसतो. अल्झायमरमध्ये तो आक्रसतो आणि शेजारची पोकळी रुंदावते. इतका फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

हा फरक कळायला निरोगी मेंदूही लागतात, आणि दान करताना नेमके तेच आपल्या मनात येत नाहीत. निम्हान्सला ते पुष्कळदा रस्ते अपघातात गेलेल्यांचे मिळाले. शवागाराबाहेर उभ्या असलेल्या, अजून काही उमजलेलं नसलेल्या नातेवाइकांनी त्या दानाला संमती दिली. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

मेंदू काढताना चेहऱ्याला धक्का लागत नाही. चीर केसांत, एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाते, आणि अंत्यविधी नेहमीसारखे होतात. देहदानाचा अर्ज भरला म्हणजे मेंदू संशोधनाला गेला, असं मात्र नाही. त्यासाठी वेगळी संमती हवी, आणि सही असली तरी ऐन वेळी होकार घरच्यांनाच द्यावा लागतो. म्हणून समज शाबूत असतानाच मुलांना बसवून हे सांगून टाकावं, आणि मेंदूपेढीला फोन कुणी करायचा तेही ठरवावं.