परिचालन प्रणालीचे अद्ययावतीकरण

परिचालन प्रणालीचे अद्ययावतीकरण : ऑपरेटिंग सिस्टिम या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या संगणकाच्या परिचालन प्रणालीत तिच्या निर्मात्याने वेळोवेळी पुरविलेल्या दुरुस्त्या, भर वा संपूर्ण नवी आवृत्ती बसविण्याच्या क्रियेला अद्ययावतीकरण म्हणतात. दोष काढणे, सुरक्षिततेतील उणिवा दूर करणे, नव्या यंत्रसामग्रीला आधार देणे व नव्या आज्ञावली चालविण्याची सोय करणे हे तिचे मुख्य हेतू होत. वापरकर्त्यासमोर हा प्रश्न बहुधा नवी आज्ञावली हवी असते तेव्हाच उभा राहतो. ती आज्ञावली जुन्या प्रणालीवर चालत नाही आणि नवी प्रणाली बसविल्यास नेहमीच्या वापरातील जुन्या आज्ञावली, मुद्रक वा इतर उपकरणे बंद पडण्याची शक्यता असते. यांपैकी कोणता धोका पत्करावा, हे अद्ययावतीकरणाचे स्वरूप समजल्याखेरीज ठरविता येत नाही.

स्वरूप : परिचालन प्रणाली ही संगणकाची यंत्रसामग्री व वापरकर्त्याच्या आज्ञावली यांच्यामधील दुवा असते. स्मृतीचे वाटप, फाइलींची साठवण, पडद्यावरील चित्रण, मुद्रण, जालाशी संपर्क इ. कामे आज्ञावली स्वतः करीत नाही. ती परिचालन प्रणालीकडे ठरावीक पद्धतीने मागणी करते व प्रणाली ती पुरी करते. अशा मागण्यांची नावे, त्यांच्यासोबत द्यावयाची माहिती व मिळणारे उत्तर यांचे नियम प्रत्येक प्रणालीत निश्चित असतात. हे नियम म्हणजे प्रणाली व आज्ञावली यांच्यातील एक प्रकारचा करारच होय. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत या करारात नवी कलमे जोडली जातात, काही जुनी बदलतात आणि क्वचित काही रद्द होतात. अद्ययावतीकरणाचे बहुतेक लाभ व अडचणी यांतूनच उद्‌भवतात. [→ संगणक].

नव्या आज्ञावलीला नवी प्रणाली लागण्याची कारणे : (१) आज्ञावलीने केलेली मागणी जुन्या प्रणालीच्या करारात नसेल, तर ती पुरी होत नाही व आज्ञावली सुरूच होत नाही. (२) आज्ञावली तयार करण्याची साधने काही काळानंतर जुन्या प्रणालींसाठी आज्ञावली निर्माण करणे थांबवितात. त्यामुळे आज्ञावलीकाराची इच्छा असूनही जुन्या प्रणालीला आधार देता येत नाही. (३) प्रत्येक आवृत्तीवर आज्ञावलीची चाचणी घेणे खर्चाचे असल्याने जुन्या आवृत्त्या कमी लोक वापरू लागले की, निर्माते त्यांचा आधार काढून घेतात. उदा., विंडोज ७ व ८·१ या प्रणालींवर क्रोम या जालदर्शकाची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीला किमान विंडोज १० आवश्यक ठरली. (४) जालावरील संदेश सांकेतिक करण्याच्या पद्धती काळानुसार बदलतात. नव्या पद्धती माहीत नसलेल्या प्रणालीवरून बँक वा शासकीय सेवेच्या संकेतस्थळांशी संपर्क होऊ शकत नाही.

प्रकार : अद्ययावतीकरणाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात केवळ सुरक्षिततेच्या वा दोषनिवारणाच्या दुरुस्त्या येतात. त्या आकाराने लहान असून त्यांनी करारात सहसा बदल होत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २००३ पासून अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा प्रघात सुरू केला. दुसऱ्या प्रकारात त्याच आवृत्तीत नव्या सोयींची भर घातली जाते. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण प्रणाली बदलून नवी आवृत्ती बसवितात. पहिल्या प्रकारात जोखीम सर्वांत कमी व तिसऱ्यात सर्वांत जास्त असते. हे तीन प्रकार एकच समजून सर्व स्वीकारणे वा सर्व टाळणे ही सर्वसामान्यतः आढळणारी चूक होय.

इतिहास : आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. मालिकेतील लहानमोठ्या सर्व संगणकांवर एकच आज्ञावली चालावी, अशी तिची रचना होती. एवढेच नव्हे, तर तिच्यातील काही संगणकांवर आधीच्या १४०१ या संगणकाच्या आज्ञावली चालविण्याचीही सोय करण्यात आली होती. ग्राहकाने आज्ञावलींवर केलेला खर्च नव्या यंत्रामुळे वाया जाऊ नये, हे तत्त्व यातून रूढ झाले. या मालिकेच्या परिचालन प्रणालीच्या विकासाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द मिथिकल मॅन-मंथ या ग्रंथात असे नमूद केले आहे की, एक दोष दुरुस्त करताना दुसरा दोष निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. दुरुस्ती बसविण्याबाबत आजही आढळणाऱ्या सावधगिरीचे मूळ या अनुभवात आहे.

प्रारंभी दुरुस्त्या चुंबकीय फितींवरून व पुढे तबकड्यांवरून पाठविल्या जात. त्या केव्हा बसवावयाच्या, हे संगणक-केंद्राचे तज्ञ ठरवीत. विंडोज ९८ पासून त्या जालावरून मिळविण्याची सोय झाली आणि पुढील आवृत्त्यांत त्या आपोआप उतरवून बसविण्याची व्यवस्था आली. त्यामुळे दुरुस्त्यांचा प्रसार जलद झाला. मात्र त्यांवरील वापरकर्त्याचे नियंत्रण कमी झाले.

जुन्या आज्ञावलींवरील परिणाम : नव्या आवृत्तीत जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून निर्माते बरेच परिश्रम घेतात. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील बदलांमुळे आधी चालत असलेली आज्ञावली बंद पडू नये, असा दंडक तिचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी घालून दिला आहे. तथापि सर्वत्र असे घडत नाही. विंडोजच्या ६४ बिट आवृत्त्यांवर १६ बिट आज्ञावली चालत नाहीत. त्यामुळे १९९० च्या सुमारास तयार झालेल्या हिशेबाच्या अनेक आज्ञावली निरुपयोगी ठरल्या. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसृत केलेल्या मॅकओएस कॅटलिना या आवृत्तीत ३२ बिट आज्ञावलींचा आधार पूर्णपणे काढून टाकला. ज्यांनी पूर्वचौकशी न करता ही आवृत्ती बसविली, त्यांच्या अशा आज्ञावली त्या क्षणापासून बंद झाल्या.

मुद्रक, क्रमवीक्षक यांसारख्या उपकरणांचे काम त्यांच्या चालक आज्ञावलींवर अवलंबून असते. निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी चालक आज्ञावली तयार केली नाही, तर सुस्थितीतील उपकरणही टाकून द्यावे लागते.

देवनागरी अक्षरजुळणी : मराठी मुद्रणव्यवसायात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. देवनागरीचा समावेश युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत १९९१ मध्येच झाला होता. परंतु विंडोज प्रणालीत देवनागरी युनिकोडचा आधार विंडोज २००० या आवृत्तीपासून मिळू लागला. तत्पूर्वी निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या संकेतांवर आधारलेले टंक तयार केले होते व मुद्रणालयांतील अक्षरजुळणी त्यांवर होत असे. पृष्ठरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या पेजमेकर या आज्ञावलीची ७·० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये निघाली व नंतर तिचा विकास थांबला. अशा टंकांत जुळविलेला मजकूर युनिकोडमध्ये आपोआप रूपांतरित होत नाही. रूपांतरासाठी स्वतंत्र आज्ञावली लागते आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा पुन्हा तपासाव्या लागतात. म्हणून जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे करणाऱ्याच्या दृष्टीने जुना संगणक ही अडगळ नसून मजकुराची किल्ली असते. मात्र असा संगणक किती काळ चालेल याची शाश्वती नसल्याने तो चालू असतानाच मजकुराचे रूपांतर करून घेणे श्रेयस्कर ठरते.

सुरक्षितता : अद्ययावतीकरण न केल्याने होणाऱ्या हानीचे ठळक उदाहरण म्हणजे १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा संगणकीय कृमी होय. तो विंडोजमधील फाइली सामायिक करण्याच्या व्यवस्थेतील एका दोषाचा उपयोग करून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरे, फाइली सांकेतिक करून टाकी व त्या सोडविण्यासाठी खंडणी मागे. सु. १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सु. एक तृतीयांश रुग्णालय-न्यासांचे काम विस्कळीत झाले व रुग्णांच्या सु. १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज करण्यात आला. हा दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी प्रसृत केली होती. ग्रासलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते आणि त्या आवृत्तीला तेव्हा अधिकृत आधार होता. तेव्हा प्रणाली जुनी असणे हे या हानीचे प्रमुख कारण नव्हते. उपलब्ध असलेली दुरुस्ती बसविलेली नसणे हे होते.

दुरुस्ती प्रसृत झाल्यानंतर धोका काही काळ वाढतो, हेही लक्षात घेणे जरूर आहे. दुरुस्तीचा अभ्यास करून मूळ दोष कोठे होता, हे जाणकारांना ओळखता येते आणि ती न बसविलेले संगणक हल्ल्याचे सोपे लक्ष्य ठरतात.

सदोष अद्ययावतीकरण : याउलट अद्ययावतीकरणानेच हानी झाल्याचीही उदाहरणे आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० साठी दिलेल्या १८०९ या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाइली पुसल्या गेल्या. तिचे वितरण काही दिवसांतच थांबविण्यात आले व दोष काढून ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा देण्यात आली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीसाठी पाठविलेल्या सदोष भरीमुळे सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व जगभरातील विमानसेवा, बँका व रुग्णालये यांच्या कामात खंड पडला. ही भर परिचालन प्रणालीची नव्हती. परंतु ती प्रणालीच्या गाभ्याशी निगडित असल्याने परिणाम तितकाच गंभीर झाला. एकाच वेळी सर्व संगणकांवर बदल करण्यातील धोका यावरून स्पष्ट होतो.

आधारकाल : प्रत्येक आवृत्तीसाठी दुरुस्त्या पुरविण्याची मुदत निर्माता ठरवितो. २००१ मध्ये निघालेल्या विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ६४ बिट संस्करण एकक, किमान ४ गिगाबाइट स्मृती व टीपीएम २·० हा सुरक्षाघटक या अटी असल्याने विंडोज १० चालविणारे अनेक चांगले संगणक तिला अपात्र ठरले. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही. पण त्यानंतर आढळलेले दोष सामान्यतः तसेच राहतात.

निर्णयाचे निकष : वरील विवेचनावरून पुढील निकष निघतात. संगणक जालाशी जोडलेला असेल, तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या विनाविलंब बसवाव्यात. येथे विलंबाचा धोका दुरुस्तीच्या धोक्याहून मोठा असतो. केवळ एका नव्या आज्ञावलीसाठी संपूर्ण आवृत्ती बदलावयाची असेल, तर प्रथम त्या आज्ञावलीची गरज, तिची जुन्या प्रणालीवर चालणारी आधीची आवृत्ती व तिला असलेले पर्याय पाहावेत. विद्यमान प्रणालीचा आधारकाल शिल्लक असेल, तर काही महिने थांबल्याने नुकसान होत नाही व त्या अवधीत नव्या आवृत्तीतील सुरुवातीचे दोष उघडकीस येतात. आधारकाल संपला असेल, तर मात्र नवी आज्ञावली हवी असो वा नसो, बदल अटळ समजावा.

बदल करण्यापूर्वी नित्य वापरातील आज्ञावली व उपकरणांची यादी करून त्यांतील प्रत्येक नव्या आवृत्तीवर चालते किंवा कसे, हे निर्मात्याच्या माहितीवरून तपासावे. सर्व फाइलींची राखीव प्रत संगणकापासून वेगळी काढता येईल अशा साठवणीवर घ्यावी व ती उघडते याची खात्री करावी. कार्यालयात अनेक संगणक असल्यास प्रथम एकावर बदल करून काही दिवस नेहमीचे काम करून पाहावे. पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची सोय मर्यादित असते. विंडोज १० व ११ मध्ये ती सामान्यतः १० दिवस उपलब्ध असते. वर्षाखेरीचे हिशेब, निकालपत्रके वा मुद्रण अशा निकडीच्या कामाच्या ऐन वेळी आवृत्ती बदलू नये.

पर्यायी उपाय : जुनी व नवी अशा दोन्ही आज्ञावली आवश्यक असतील, तर एका संगणकावर आभासी संगणक निर्माण करून त्यात जुनी प्रणाली चालविता येते. हे तंत्र आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९७२ मध्येच उपलब्ध झाले होते; आता ते घरगुती संगणकावरही वापरता येते. डॉसच्या काळातील आज्ञावलींसाठी त्या प्रणालीचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. वैद्यकीय उपकरणे वा कारखान्यातील यंत्रे चालविणारे संगणक बहुधा विशिष्ट आवृत्तीवरच तपासून प्रमाणित केलेले असतात व ती बदलणे मालकाच्या हाती नसते. असे संगणक जालापासून अलग ठेवतात व त्यांच्यात बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी दुसरीकडे तपासतात. अपात्र ठरलेल्या जुन्या संगणकावर कमी स्मृतीत चालणारी लिनक्स प्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते. मात्र त्यावर विंडोजसाठीच्या सर्व आज्ञावली चालत नाहीत.