ठोका कुठून येतो त्यापेक्षा कधी येतो

"मेस्त्री, इंजान ठोकायलंय."

तक्रार एवढीच असते. मुरलेला मेस्त्री यावर लगेच पाना उचलत नाही, इंजिनाजवळही जात नाही. तो विचारतो, "रिकामं फिरताना ठोकतंय, का लोड टाकल्यावर? गार असताना, का तापल्यावर? एकदम सुरू झालं, का हळूहळू वाढलं, आण्णा?" या तीन प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर इंजिन खोलण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं. कोल्हापुरात अशा मेस्त्रींच्या कानाचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण त्या कानामागे एक शिस्तशीर हिशेब असतो, तो सहसा कुणी सांगत नाही.

कोल्हापुरात १८९१ साली रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. आसपासच्या गुऱ्हाळांचा गूळ पेठेत यायचा आणि शेतीला, धंद्याला लागणारा माल पेठेतून गावोगाव जायचा. नदीकाठचे पंप, उसाचे चरक, पिठाच्या गिरण्या यांना वीज पोचेपर्यंत ऑईल इंजिनाचाच आधार होता. शाहूपुरीपासून थोड्याच अंतरावर शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. तिथे ओतकाम, लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग असं सगळं एका हाकेवर मिळू लागलं. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांचं नाव तिथे आजही आदरानं घेतात. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ साली पुण्यात झाली. याच कंपनीचा एक कारखाना आज कागलजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. इंजिन बनवणारे, विकणारे, वापरणारे आणि दुरुस्त करणारे इतके जवळजवळ असले की त्याच्या आवाजाचीही एक जाण तयार होते.

नमुन्यादाखल किर्लोस्करचं एव्ही-१ घेऊ. हे एका सिलिंडरचं, ५ हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. अशा इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा आतला दाब ६० बारच्या आसपास जातो, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर क्षणभर सुमारे ३ टनांचा भार येतो. तो गजन पिन, कनेक्टिंग रॉड आणि बिगएंडच्या बेअरिंगमधून क्रँकवर उतरतो. या प्रत्येक सांध्यात तेलाच्या पातळ थरापुरती फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाएवढी. झीज होऊन ती वाढली की तेलाचा थर तो भार पेलू शकत नाही, धातू धातूवर आपटतो आणि ठोका ऐकू येतो. म्हणून ठोका म्हणजे बहुतेक वेळा वाढलेली फट. कुठली फट, हे शोधायचं असतं.

नवशिका इथेच फसतो. आवाज ज्या बाजूनं येतो तिकडे तो कान लावतो आणि तिथलाच भाग खोलतो. पण बिडाचं क्रँककेस आवाज सगळीकडे पसरवतं. खालच्या बेअरिंगचा ठोका टॅपेट कव्हरपाशी ऐकू येतो आणि वरचा टकटकाट चेंबरच्या झाकणातून घुमतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ऐकायची रीत जुनी आहे. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरानं १८१६ साली कागदाची सुरळी करून छातीचे ठोके ऐकले, त्याच्याच जातीची ही युक्ती. तिचा उपयोग दोन जागांची तुलना करण्यापुरता. एका जागेवरून निकाल द्यायचा नसतो.

जागेपेक्षा वेळ अधिक खरं बोलते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिझेल एकदा पेटतं. कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. १५०० फेऱ्यांना सेकंदाला साडेबारा वेळा पेट होतो. एवढं कुणाच्याच कानाला मोजता येत नाही, म्हणून मेस्त्री आधी इंजिन मंद करतो आणि सायलेन्सरच्या 'फट'ला ताल मानतो. दर 'फट'मागे एकच ठोका पडत असेल, तर टॅपेट, व्हॉल्व्ह, डिझेल पंप यांच्याकडे बघायचं, किंवा पेटाच्या धक्क्यानंच आपटणाऱ्या भागाकडे. दर 'फट'मागे दोन ठोके पडत असतील, तर क्रँकबरोबर फिरणारं काहीतरी सैल आहे. याच्याशी मेळ न बसणारा आवाज बहुधा इंजिनाचा नसतोच. सपाट पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना 'टक' करतो, पण पट्ट्याच्या लांबीनुसार. पट्टा उतरवला की तो आवाज गेला.

पुढची परीक्षा भाराची. पंपाचा लिव्हर ओढून डिझेल तोडायचं आणि फ्लायव्हील आपल्या जोरावर फिरत असताना ऐकायचं. डिझेल तुटताक्षणी ठोका गेला किंवा बराच उतरला, तर तो पेटाच्या दाबाखाली येणाऱ्या भागाचा असतो. तसाच राहिला, तर गिअर, क्रँकची आडवी ढिलाई (एंड प्ले) किंवा फ्लायव्हील. दोन सिलिंडरच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करून कुठला सिलिंडर बोलतो ते शोधतात. तेव्हा मात्र हात लांब ठेवायचा आणि कापड धरायचं. नोझलचा दाब २०० बारच्या घरातला असतो आणि त्या फवाऱ्यानं डिझेल कातडीत शिरू शकतं.

मग येतो तापमानाचा प्रश्न. गार असताना वाजणारा आणि तापल्यावर मंदावणारा पोकळ आवाज पिस्टन आणि लायनरमधल्या फटीचा, कारण पिस्टन तापून फुगतो. उलट तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर वाढणारा जड ठोका बेअरिंगचा. मंद वेगावर, जोडीनं पडणारा टणक ठोका गजन पिनचा किंवा तिच्या बुशचा. असा संशय आला की तेल काढून फडक्यातून गाळायचं आणि चुंबक फिरवायचा. लोखंडाचा चुरा चिकटतो, बेअरिंगचा आणि बुशचा चिकटत नाही.

काही ठोक्यांत झीज नसतेच. डिझेल सिलिंडरमध्ये फवारल्यावर पेट घ्यायला थोडा उशीर लागतो. हा उशीर वाढला की साठलेलं डिझेल एकदम भडकतं आणि हातोडी मारल्यासारखा करकरीत आवाज येतो. थंडीच्या सकाळी तो थोडा वेळ येणारच. तापल्यावरही राहिला तर नोझल गळतंय, डिझेल भेसळीचं आहे किंवा पंपाचं टायमिंग पुढे गेलंय. लहान इंजिनात पंपाखाली पातळ शिम असतात. दुरुस्तीच्या घाईत एखादी शिम हरवली की टायमिंग पुढे सरकतं आणि काल नीट असलेलं इंजिन आज ठोकू लागतं. "पंप कधी खोलला होता?" हा प्रश्न त्यासाठीच. काही आवाज तर चांगल्या तब्येतीचे असतात. हँडल मारताना नोझलमधून 'कर्र' असा आवाज आला की जाणता माणूस निर्धास्त होतो. डिझेल पोचलंय आणि नोझल मोकळं आहे, हे त्याला कळतं.

सोंगाडे आवाजही पुष्कळ. फ्लायव्हीलची चावी सैल झाली की हुबेहूब बिगएंडसारखा ठोका येतो, फक्त तो रिकाम्या इंजिनात जास्त वाजतो आणि लोड टाकल्यावर दबतो. एक्झॉस्टची गॅस्केट फुटली की टॅपेट वाजल्याचा भास होतो. फाउंडेशनचा बोल्ट ढिला असेल तर सगळं इंजिनच आजारी वाटतं. म्हणून उद्यमनगरातला जुना नियम असा, की हेड खोलण्याआधी बाहेरचं सगळं आवळायचं. त्याला खर्च नाही.

कोल्हापूरच्या मेस्त्रींना पुरानं आणखी एक धडा दिला. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी पसरलं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत शिरलं आणि नदीकाठची कित्येक इंजिनं बुडाली. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोरात हँडल मारलं किंवा स्टार्टर दिला, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचं इंजिन सुरू होतं, काही दिवस चालतंही. फक्त पिस्टन तिरका घासतो, कॉम्प्रेशन उतरतं आणि एक नवा आवाज मागे लागतो. अशा वेळी "पुरात होतं का?" हे न विचारता नुसता पिस्टन बदलणारा मेस्त्री महिन्याभरात पुन्हा तेच इंजिन खोलतो.

आता आवाज मोबाईलवर रेकॉर्ड होऊन येतो. पण फोनचा छोटा माईक आणि स्पीकर बेअरिंगचा जड, खालचा ठोका नीट पकडत नाहीत आणि टॅपेटचा टकटकाट मात्र ठळक करतात. नुसत्या क्लिपवर निदान केलं तर गंभीर आजार किरकोळ वाटायचा धोका असतो. कारखान्यांतली कंपन मोजणारी यंत्रं हे बारीक काम जास्त अचूक करतात, पण त्यांचाही पहिला प्रश्न मेस्त्रीचाच: कंपन दर फेऱ्याला एकदा येतं, का दोन फेऱ्यांत एकदा? म्हणून क्लिप पाठवताना सोबत चार ओळी लिहाव्यात: इंजिन गार होतं की गरम, लोड होता की नव्हता, ठोका कधीपासून आहे, शेवटचं काय खोललं होतं. आणि ठोका जड असेल, तापल्यावर वाढत असेल, तर क्लिप काढायच्याही आधी डिझेल तोडावं. वेळेवर बंद केलेल्या इंजिनाला बेअरिंगची जोडी बदलून भागतं. चालू ठेवलेल्या इंजिनाचा रॉड तुटून क्रँककेस फोडतो, आणि मग तिथे ऐकण्यासारखं काही उरत नाही.